अ‍ॅप्लिकच्या गोधडीसाठी इस्त्रीखालची शीट निवडताना

अ‍ॅप्लिक म्हणजे कापडाचे कापलेले आकार दुसऱ्या कापडावर बसवून केलेली नक्षी. फ्यूजिंग वापरून केलेल्या अ‍ॅप्लिकमध्ये कापडाच्या प्रत्येक आकारामागे गोंदाची एक विरळ, कोरडी जाळी असते. इस्त्रीच्या उष्णतेने ती वितळते, आकाराला पायाच्या कापडावर धरून ठेवते, आणि मग कडेने मशीनचा बारीक झिगझॅग किंवा हाताचा ब्लँकेट टाका घातला की काम धुण्यावापरण्याजोगे होते. मात्र वितळलेला गोंद ज्याला टेकेल त्याला धरतो, मग तो इस्त्रीचा तळ असो, टेबलावर घडी करून घातलेली चादर असो किंवा शेजारी पडलेला कापडाचा दुसरा तुकडा असो. म्हणून या कामात कापडाच्या वर किंवा खाली, आणि पुष्कळदा दोन्हीकडे, गोंद न धरणारा एखादा कागद अथवा शीट लागतेच. ही शीट कोणती असावी याचा शोध मी गेल्या पावसाळ्यात मुंबईत घेतला. त्याआधी माझी समजूत अशी होती, की जी शीट जास्त उष्णता सोसते ती उत्तम. प्रत्यक्षात उष्णता सोसणे ही सर्वांत सहज पुरी होणारी अट निघाली, आणि निवड ठरली ती दोन वेगळ्याच गुणांवर: शीटमधून खालचे रेखाचित्र दिसते का, आणि निवल्यावर गोंद सगळाच्या सगळा कापडाबरोबर सुटून येतो का.

निमित्त होते भाचीच्या बाळासाठी करायच्या गोधडीचे. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली ही खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत शिवडीच्या किंवा ऐरोलीच्या बाजूने चिखलात चरणारे थवे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्या रंगाचे वेगळे वर्णन नको. मुंबईत जन्मलेल्या बाळाच्या गोधडीवर तेच पक्षी असावेत असे मी ठरवले. रोहित हा अ‍ॅप्लिकसाठी अवघड पक्षी आहे. मानेचा इंग्रजी एस अक्षरासारखा बाक, एकावर एक चढणारे पिसांचे थर, पंखाच्या कडेला डोकावणारी काळी पिसे, आणि काडीसारखे पाय. मोठ्या रोहिताची चोच गुलाबी आणि टोकाला काळी असते, तर लहान रोहिताची गर्द, काळपट लाल. दोन्ही जाती गोधडीवर हव्या असतील तर चोचीचा एवढासा तुकडासुद्धा दोन कापडांतून कापावा लागतो. असे लहान तुकडे थेट पायाच्या कापडावर मांडून चिकटवायला गेले, तर एक हलला की त्याच्यावरचे सगळे हलतात, आणि एकदा चिकटलेला तुकडा उचलू गेल्यास खाली गोंदाचा डाग राहतो.

यावरचा मार्ग असा, की संपूर्ण पक्षी आधी न चिकटणाऱ्या शीटवर जुळवायचा, तिथेच हलकी इस्त्री फिरवून त्याचे तुकडे एकमेकांना जोडायचे, आणि थंड झाल्यावर तो अखंड पक्षी उचलून गोधडीवर ठेवायचा. त्यासाठी शीटच्या खाली पूर्ण आकाराचे रेखाचित्र ठेवतात. तुकडे कापण्यासाठी वेबच्या, म्हणजे कागदावर बसवून मिळणाऱ्या गोंदाच्या जाळीच्या, कागदी बाजूवर गिरवायची चित्रे आरशातल्यासारखी उलटी लागतात, कारण तो कागद कापडाच्या उलट्या बाजूला बसतो. जुळवणीसाठी शीटखाली ठेवायचे चित्र मात्र सुलटे लागते. प्रत्येक खालच्या तुकड्याला वरच्या तुकड्याखाली सरकवण्यासाठी चार-पाच मिलिमीटर जादा कापड ठेवावे लागते, नाहीतर जोडाच्या ठिकाणी पायाचे कापड डोकावते. ही सगळी मांडणी खालच्या रेषांवर अवलंबून असल्यामुळे शीट आरपार दिसणारी असणे ही सोय नव्हे, गरज आहे.

कापडाची खरेदी मंगलदास मार्केटमध्ये झाली. गुलाबी रंगाच्या छटा एकाच ठाणात मिळत नाहीत म्हणून पॉपलीन, कॅम्ब्रिक आणि थोडे मलमल असे वेगवेगळ्या जाडीचे कापड घ्यावे लागले, आणि पुढे शीटच्या निवडीवर या जाडीचा बराच परिणाम झाला. नव्या कापडाची खळ धुऊन काढल्याशिवाय फ्यूजिंग नीट धरत नाही, हे इथे नमूद करते. खळीचा थर गोंदाला धाग्यांपर्यंत पोहोचू देत नाही. शिंप्यांच्या सामानाच्या दुकानात नुसते फ्यूजिंग मागितले तर बहुधा कॉलरचे, एका बाजूला गोंद असलेले फ्यूजिंग पुढे येते. अ‍ॅप्लिकला कागदावर बसवलेली, दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाळी लागते, आणि ती हलक्या वजनाची घ्यावी. जड जाळी शिवण न घालता नुसते चिकटवायच्या कामासाठी असते. तिच्यातून सुई जाताना गोंद सुईला लागतो आणि टाके सुटतात.

शीटसाठी मी जी चाचणी ठरवली ती साधी होती. एकाच गुलाबी पॉपलिनला वेब लावून सारख्या आकाराचे चौकोन कापले, कागद सोलला, आणि प्रत्येक चौकोन गोंदाची बाजू खाली करून वेगवेगळ्या पृष्ठभागावर ठेवून एकाच इस्त्रीने, दोन ठिपक्यांच्या खुणेवर, वाफ बंद ठेवून सारखाच वेळ दाबला. इस्त्रीवरच्या एक, दोन आणि तीन ठिपक्यांचा अर्थ साधारण ११०, १५० आणि २०० अंश सेल्सिअस असा धरतात. हलक्या वेबला सहसा मधली खूण पुरते, तरी जाळीच्या वेष्टनावरची सूचना हाच शेवटचा आधार. थंड झाल्यावर प्रत्येक चौकोन सोलून त्याची उलटी बाजू खिडकीच्या उजेडात तिरकी धरून पाहिली. गोंद सगळा परत आला असेल तर पाठीवर सगळीकडे एकसारखी मंद चकाकी दिसते. जिथे निस्तेज डाग दिसतो, तिथला गोंद शीटवर राहिलेला असतो. हे निरीक्षण इतके उपयोगी आहे, की आता मी प्रत्येक नव्या वेबबरोबर ते आधी करते.

सर्वांत आधी बाद झाला तो स्टेशनरीच्या दुकानातला बटर पेपर. नकाशे आणि रांगोळीची चित्रे गिरवायला वापरतात तो हा कागद, सुरेख पारदर्शक, पण त्यावर गोंद सोडवणारा कोणताही लेप नसतो. चौकोन त्याला पक्का चिकटला आणि कागदाचे पापुद्रे घेऊनच निघाला. मेणकागदाची चाचणी घेण्याचे कारणच नव्हते, कारण मेण इस्त्रीच्या उष्णतेने वितळून कापडात उतरते. परदेशी क्विल्टिंगच्या पुस्तकांत वारंवार येणारा फ्रीझर पेपरही या कामाचा नाही. त्याच्या एका बाजूला प्लास्टिकचा थर असतो आणि तो इस्त्रीने कापडाला तात्पुरता चिकटावा म्हणूनच वापरला जातो. तो आकार कापण्याच्या नमुन्यासाठी उत्तम, जुळवणीच्या शीटसाठी मुळीच नाही.

केक भाजण्याचा कागद मात्र खरोखर चांगला निघाला. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात बेकरीच्या सामानाची दुकाने आहेत, तिथे त्याची गुंडाळी मिळते. घेताना त्यावर सिलिकॉनचा लेप आहे याची खात्री करावी लागते, कारण बिस्किटांखाली घालायचा केवळ तेल न शोषणारा कागदही तसाच दिसतो आणि बटर पेपर याच नावाने विकला जातो. लेप असलेल्या कागदाचा एक तुकडा घरी आणून त्यावर कोमट पाण्याचा थेंब टाकला तर तो मण्यासारखा गोल उभा राहतो, पण पाणी न शोषणारे इतर कागदही असतात, म्हणून मी पाण्याच्या थेंबापेक्षा वेबच्या चिंधीवर जास्त विश्वास ठेवते. या कागदातून रेषा ठळक दिसतात, गोंद सहज सुटतो, कागद हवा तेवढा कापता येतो आणि महागही पडत नाही. छापील नाव किंवा नक्षी असलेला कागद टाळावा. ती शाई गरम होऊन फिकट कापडावर उतरू शकते. त्याचा खरा दोष मुंबईच्या हवेत कळतो. पावसाळ्यात तो ओल धरतो, पहिल्या दाबालाच त्याला लाटा येतात, आणि लाटेवर मांडलेली रोहिताची मान रेषेवरून सरकते. दोनतीन वेळा वापरला की तो चुरगळतो आणि सुरकुतीची रेघ गोंदावर उमटते.

वेबवरून सोललेला कागद बहुतेक जणी टाकून देतात. तो टाकू नये. त्याच्यावर सिलिकॉनचा लेप असतोच, कारण त्याशिवाय जाळी त्यावरून सुटलीच नसती. चोच, डोळा, पायाचा सांधा अशा लहान तुकड्यांसाठी मी तोच वापरला.

सिलिकॉनची जाड चटई, जी ओव्हनच्या ट्रेमध्ये घालतात, तिच्यावर गोंद जवळजवळ राहतच नाही. तिचा मधला भाग काचतंतूंच्या विणीचा असतो आणि दोन्ही बाजूंना सिलिकॉन असते. पण ती अपारदर्शक आहे, जाड असल्यामुळे उष्णता धरून ठेवते, आणि पक्षी निवायला बराच वेळ लागतो. शिवाय स्वयंपाकात वापरलेली चटई कापडाच्या कामात आणूच नये. सिलिकॉनमध्ये तेलाचा अंश मुरतो आणि तो साबणानेही पूर्ण जात नाही, आणि फिकट कापडावर त्याचा डाग आधी दिसला नाही तरी पुढच्या इस्त्रीत दिसतो. मी एक नवी चटई केवळ टेबलावरच्या चादरीच्या रक्षणासाठी ठेवली, आणि त्या जागी ती अगदी योग्य आहे.

राहिली ती तपकिरी टेफ्लॉनची शीट. टेफ्लॉन म्हणजे पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलीन. १९३८ साली अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांच्या हाती हा पदार्थ अनपेक्षितपणे लागला. कार्बन आणि फ्लुओरीन यांचे बंध अतिशय घट्ट असल्यामुळे त्याच्या पृष्ठभागाला दुसरा पदार्थ सहसा धरत नाही. अ‍ॅप्लिकची म्हणून जी शीट विकली जाते ती काचतंतूंच्या बारीक विणीवर या पदार्थाचा लेप देऊन केलेली असते. परदेशातून मागवलेली लहान शीट महाग पडते, म्हणून हाच माल मुंबईत कोण वापरते याचा मी विचार केला. टी-शर्टवर उष्णतेने छाप उठवणारे वापरतात, पाउच बंद करण्याच्या मशीनवर तो लावलेला असतो, आणि कपड्यांच्या कारखान्यांत कॉलरला फ्यूजिंग बसवणाऱ्या यंत्राचा पट्टाही त्याचाच असतो. त्या यंत्राचे काम आणि आपले काम मुळात एकच आहे. मशिदबंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर यंत्रांचे सुटे भाग मिळतात, म्हणून मी तिकडे गेले.

दुकानदाराने प्रथम पांढरी, गुळगुळीत, गॅस्केट कापायची टेफ्लॉनची शीट दाखवली. ती जाड आणि अपारदर्शक असते, म्हणून मी नको म्हटले. मग त्यांनी तपकिरी कापडाचा गठ्ठा काढला आणि विचारले, "ताई, मागे गोंदवाले देऊ की बिनगोंदाचे?" पाउचच्या मशीनला चिकटवण्यासाठी जे येते त्याच्या पाठीवर गोंद आणि वर पिवळा कागद असतो; आपल्याला दोन्ही बाजूंनी कोरडे, बिनगोंदाचे लागते. जाडीही विचारून घ्यावी. ०.०८ मिलिमीटरचे कापड अतिशय पातळ आणि आरपार, पण त्याला घडी लवकर पडते, ०.२५ मिलिमीटरचे मजबूत, पण त्यातून रेषा धूसर दिसतात. मी ०.१३ मिलिमीटरचे घेतले, आणि गडद शाईने गिरवलेले चित्र त्याच्याखाली स्पष्ट दिसते याची खात्री दुकानातच, खाली वर्तमानपत्राचा मथळा ठेवून करून घेतली. वीणही पाहून घ्यावी. भरड विणीचा ठसा गोंदावर उमटतो, आणि गोंद जितका खडबडीत होईल तितका तो पुढे पायाच्या कापडाला कमी जागी टेकतो. बोट फिरवून जी वीण जवळजवळ जाणवत नाही ती घ्यावी.

या कापडावर माझा चौकोन निवल्यावर अगदी हलक्या ओढीने सुटला आणि पाठीवर एकसारखी चकाकी दिसली. इथे निवणे हा शब्द मी जाणीवपूर्वक लिहिते. गोंद गरम असताना मऊ आणि ताणला जाणारा असतो. त्या अवस्थेत उचललेला तुकडा गोंदाचे तंतू शीटवर सोडून येतो आणि तिरके कापलेले कापड ओढले जाऊन आकार बदलतो. हात टेकवून पृष्ठभाग गार लागेपर्यंत थांबले की हे दोन्ही होत नाही. शीट पातळ असल्यामुळे ती लवकर निवते, आणि जाड चटईपेक्षा ती सरस ठरण्याचे हे एक मोठे कारण आहे. जुळवणीच्या वेळी इस्त्री सरकवायची नाही, उचलून ठेवायची. आणि एकदोन सेकंदांपेक्षा जास्त दाबायची नाही, कारण जास्त वेळ दाबलेला गोंद कापडात मुरून जातो आणि शेवटच्या, खऱ्या चिकटवण्यासाठी उरत नाही.

मलमलने मात्र वेगळाच प्रश्न उभा केला. रोहिताच्या वरच्या पिसांसाठी मला मलमल हवे होते, आणि एका पक्ष्यासाठी आजीच्या जुन्या, धुऊन धुऊन विरळ झालेल्या गुलाबी लुगड्याचा तुकडा. आपल्याकडे गोधडी जुन्या लुगड्यांचीच होत आली, आणि ते कापड या गोधडीत नसणे मला पटत नव्हते. पण इतक्या विरळ कापडातून वितळलेला गोंद वर येतो आणि इस्त्रीच्या तळाला लागतो. म्हणून अशा तुकड्यांवर खालच्या शीटखेरीज वरूनही केक भाजण्याच्या कागदाचा तुकडा ठेवावा लागतो. वर टेफ्लॉनचे कापडही चालते, पण तीच शीट कधी वर आणि कधी खाली वापरू नये. खालच्या बाजूला राहिलेला गोंदाचा कण वर आला तर तो सुलट्या कापडावर बसतो आणि निघत नाही. मी टेफ्लॉनच्या एका कोपऱ्यात पक्क्या शाईने "वर" असे लिहून ठेवले आहे. दिवे लागल्यावरच्या कामात त्या एका शब्दाने पुष्कळ त्रास वाचतो.

उष्णतेबद्दल लोकांच्या मनात जी भीती आहे तिच्याविषयी थोडे लिहिणे आवश्यक वाटते. टेफ्लॉनचा लेप सुमारे २६० अंशांपर्यंत सततच्या वापरासाठी योग्य मानला जातो, आणि चांगल्या स्थितीतली घरगुती इस्त्री त्याच्या बरीच खाली चालते. त्याहून फार तापल्यास मात्र त्यातून विषारी वाफा निघतात आणि पक्ष्यांना त्या अतिशय घातक असतात. घरात लव्हबर्ड किंवा पोपट असेल तर तापमान न सांभाळणारी इस्त्री या शीटवर वापरूच नये, आणि तापती इस्त्री तिच्यावर टेकवून उठू नये. याच कारणाने, सोसायटीच्या जिन्याखाली कोळशाची इस्त्री करणारे भाऊ कितीही निष्णात असले तरी हे काम त्यांच्याकडे देण्यासारखे नाही. कोळशाच्या इस्त्रीला खूण नसते, तिचे तापमान निखाऱ्यांबरोबर बदलते. सुती शर्टाला ते चालते, वेबच्या गोंदाला चालत नाही.

शेवटच्या चिकटवण्यात या शीटला जागा नाही, आणि ही गोष्ट सूचनांत फारशी ठळकपणे लिहिलेली नसते. काही वेबना पक्के बसण्यासाठी ओलसर कापड किंवा वाफ लागते. टेफ्लॉन आणि सिलिकॉन दोन्ही वाफ अडवतात, म्हणून पक्षी गोधडीवर ठेवल्यानंतर वरचे आवरण काढून धुतलेल्या सुती पंचाचा तुकडा घातला, आठ-दहा सेकंद दाबून इस्त्री उचलली, आणि मग उलट्या बाजूनेही तेवढाच वेळ दाबले. ज्या वेबला वाफ वर्ज्य आहे तिथे पंचा कोरडा ठेवला. पावसाळ्यात पायाचे कापड आधी कोरड्या इस्त्रीने चांगले सुकवून घेतल्याशिवाय काहीच चिकटवले नाही, कारण धाग्यांत राहिलेली ओल वाफ होऊन गोंदाखाली फुगवटे आणते.

रोहिताचे पाय मी शेवटी बसवले. तीन-चार मिलिमीटर रुंदीची पट्टी कापडातून कापून सोलली की ती गुंडाळी होते, म्हणून पट्ट्या कापण्याआधीच वेबचा कागद सोलून संपूर्ण तुकडा टेफ्लॉनच्या कापडावर हलका चिकटवला, निवू दिला, उचलला आणि मग धारदार कात्रीने पाय कापले. शीटवरून एकदा वितळून निघालेला गोंद कापडात नीट बसलेला असतो, कडेचे धागे सुटत नाहीत आणि पट्टी सरळ राहते. माझ्या मते या शीटचा हा सर्वांत मोलाचा उपयोग आहे, जुळवणीपेक्षाही.

शीटची निगा सोपी आहे. काम संपले की ती कोमट असताना कोरड्या जाड कापडाने पुसते. उरलेला कण थंड झाल्यावर जुन्या प्लास्टिकच्या कार्डाच्या कडेने खरवडते. सुरी किंवा ब्लेड लावले तर लेप जातो आणि आतले काचतंतू उघडे पडतात, आणि तसे झालेली शीट कापडाच्या कामात पुन्हा वापरू नये. घडी केली तर विणीतले तंतू घडीवर तुटतात, म्हणून ती कापडाच्या ठाणाच्या पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून, वेबबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवते; वेबलाही दमट हवेपासून राखावे लागतेच, नाहीतर जाळी कागद सोडते.

नागदेवीहून आणलेला तुकडा एका पक्ष्याला पुरेसा आहे. पुढची गोधडी कोळीवाड्यातल्या होड्यांची करायची आहे, आणि शीड उभारलेली होडी या तुकड्यावर मावणार नाही. तेव्हा याच जाडीचे, याच बारीक विणीचे कापड गठ्ठ्याच्या पूर्ण एक मीटर रुंदीत घेणार आहे, आणि शक्य झाले तर दुकानदाराकडून ते घडी न घालता नळीवर गुंडाळूनच घेईन.